लाल ठिपक्याचं भांडं

सकाळी साडेनऊला ब्लूमा कापलुनने ओव्हनचं दार उघडून आत पाहिलं आणि समाधानाने परत लावून टाकलं. टोस्ट कडेने फुगले होते, मधे अजून थलथलीत होते. आणखी अर्धा तास तरी लागणार होता. तिला घाई नव्हती. घाई होती ती तिच्या पोरांना.

खरं तर पोरांना म्हणणंही अन्यायाचं होतं. घाई एकट्या सेमूरला होती. थोरला, टोरांटोत वकिली करणारा, आईला आठवड्यातून दोनदा फोन करणारा आणि दोन्ही वेळा तेच बोलणारा. नोव्हेंबरात ब्लूमा सपाता घालून बसमधून भलत्याच रस्त्यावर उतरली होती आणि एका पोलिसाला आपल्या माहेरचा पत्ता विचारत होती. ते घर पाडून चाळीस वर्षं झाली होती. मग जानेवारीत शेगडी रात्रभर चालू राहिली. तेव्हापासून सेमूरने आपल्या ज्यू लोकांच्या वृद्धाश्रमात एक खोली बघून ठेवली होती. नदीकडे खिडकी असलेली. हो की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

शेवटी ब्लूमानेच त्याला फोनवर सांगितलं, मला एक रविवार दे. सगळे या. नेहमीसारखी न्याहारी मी एकटी करते, कोणी हात लावायचा नाही. काही जळलं, काही विसरलं, काही चुकलं, तर तू म्हणशील तिथे येते. नाही चुकलं, तर वर्षभर ह्या विषयावर तोंड उघडायचं नाही. सेमूर कबूल झाला. एकोणऐंशी वर्षांची बाई कुठेतरी चुकणारच, असा त्याचा हिशेब असावा. तो विमानाने आला आणि बहिणीकडे उतरला.

आणि ब्लूमाचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. शुक्रवारच्या वेणीपावांतला एक तिने बाजूला ठेवला होता. शनिवारी संध्याकाळी, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस सरल्यावर, त्याचे दोन बोटं जाड तुकडे केले आणि जाळीवर सुकवले. दहा अंडी फोडली. घट्ट साय, दूध, साखर, जायफळ, व्हॅनिला, चिमूटभर मीठ. आणि तिचा नवरा हिर्श घालायचा तशी दोन चमचे व्हिस्की. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं, सगळं डोक्यातलं. हे कस्टर्ड तुकड्यांवर ओतून, वर उलटी ताटली आणि ताटलीवर वजन ठेवून तिने भांडं रात्रभर थंडीत मुरत ठेवलं. सकाळी वर लोण्याचे गोळे पसरले. दालचिनी भुरभुरली. सगळं करून झाल्यावर ती खुर्चीवर टेकली आणि स्वतःशीच म्हणाली, बघ म्हणावं आता सेमूर.

बाहेर उणे तीस होतं. दहा वाजता रोशेल आणि सेमूर आले. थंडीत गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रोशेलने त्याची वायर भिंतीतल्या प्लगला लावली, तोवर सेमूर बूट काढून आत येऊन आईच्या गालाला गाल लावून मोकळा झाला होता. त्याची नजर लगेच शेगडीकडे गेली. ब्लूमाने ते पाहिलं.

"बंद आहे," ती म्हणाली. "आणि मागचीही बंद आहे. बघून घे चारही बर्नर."

सेमूर ओशाळला. रोशेलने पाठीमागून त्याला कोपराने ढोसलं. ती आईच्या बाजूची. आईचं घर तिच्या घरापासून पाच मिनिटांवर, आणि ते घर नाहीसं झालं तर आपणही पोरके होऊ असं तिला वाटायचं, पन्नाशी ओलांडून गेली तरी. सेमूरने विसरण्याच्या प्रसंगांची कागदावर यादी केली होती, ती तिने गाडीत वाचली होती आणि भावाला सुनावलं होतं की अशी यादी मी तुझीही करू शकते, तुझ्या दोन्ही लग्नांपासून सुरुवात करून.

सगळ्यात शेवटी डोरीन आली. ब्लूमाच्या धाकट्याची, मर्विनची बायको. मर्विनला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण शुक्रवारी संध्याकाळी सासूकडे जेवायला येणं सुनेने चुकवलं नव्हतं. येताना तिने धुरावलेला मासा आणला होता, सोनेरी डोळ्यांचा, आमच्या तळ्यातला. ब्लूमाने तो घेतला, पण ताटात स्वतःच मांडला. आज हात लावायचा नाही, सांगितलंय ना.

डोरीनची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ती डॉफिन गावाकडच्या युक्रेनी शेतकऱ्याची मुलगी. दोन वर्षं शिकून, परीक्षा देऊन तिने आपला धर्म घेतला आणि मग मर्विनशी लग्न केलं. आमच्यात दूध आणि मांस एका ताटात येत नाही, एका भांड्यातही नाही. भांडी दोन, चमचे दोन, भांडी धुण्याच्या कुंड्याही दोन. जन्मापासून ह्यात वाढलेल्यांना ते श्वासासारखं असतं. डोरीनने पहिल्याच महिन्यात मांसाच्या चमच्याने साय ढवळली. ब्लूमाने तो चमचा शुद्ध करायला नेऊन झाडाच्या कुंडीतल्या मातीत खुपसला, आणि डोरीन मोरीत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी सासूबाई नेलपॉलिशची बाटली घेऊन जमिनीवर बसल्या. मांसाच्या प्रत्येक भांड्याच्या कडीवर, प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर लाल ठिपका. ठिपका असेल ते मांसाचं, कोरं ते दुधाचं. आता चुकून दाखव, म्हणाल्या.

त्यानंतर डोरीन कधी चुकली नाही. पुढे पुढे तर घरात सगळ्यांत कडक तीच. सेमूर टोरांटोत काय वाटेल ते खायचा. रोशेल घरात पाळायची आणि बाहेर डोळे मिटायची. डोरीन मात्र लेकीच्या लग्नात, आचाऱ्यावर भरवसा बसेना म्हणून, नुसती फळं खाऊन राहिली होती.

ब्लूमाने ओव्हनमधून भांडं काढलं आणि टेबलाच्या मधोमध लाकडी पाटावर ठेवलं. टोस्ट चांगले चार बोटं फुगून आले होते, वरचं लोणी अजून चुरचुरत होतं. सेमूरसुद्धा वा म्हणाला. रोशेलने भावाकडे असं पाहिलं की, झालं समाधान?

डोरीनने भांड्याकडे पाहिलं आणि तिची नजर कडीवर अडली.

निळं, पांढरे शिंतोडे असलेलं खोल एनॅमलचं भांडं. ह्यात ब्लूमा दर सणाला बैलाच्या छातीचं मांस भाजायची. दुधाचं भांडं जवळजवळ असंच होतं, थोडं उथळ. ह्याच्या कडीवर, ब्लूमाच्या बाजूला, नेलपॉलिशचा ठिपका होता. घासून घासून अर्धा गेलेला, पण होता. साय, लोणी, दूध, सगळं ह्या मांसाच्या भांड्यात रात्रभर मुरलं होतं आणि तासभर भाजलं होतं. बासष्ट वर्षं संसार केलेल्या बाईकडून हे होणं म्हणजे शेगडी चालू राहणं नव्हे. शेगडी कोणाचीही राहते.

ब्लूमा प्रत्येकाच्या ताटात वाढत होती. तिने आज केस नीट बांधले होते, कानात कुड्या होत्या. डोरीनने रोशेलकडे पाहिलं आणि रोशेल भांड्याकडेच पाहत होती. दोघींची नजरानजर झाली.

रोशेल उठली. कॉफीची साय संपलीय म्हणाली, कोठीत असेल, डोरीन, जरा चल गं, माझा हात पोचत नाही. कोठीचं दार अर्धं लोटून ती डोरीनच्या दंडाला घट्ट धरून कुजबुजत होती. तू काही बोलणार नाहीस. आज नाही. तो तिकडून यादी घेऊन आलाय, त्याला हेच हवंय. आई पुढच्या आठवड्यात त्या खोलीत असेल आणि पुढच्या वर्षी कबरस्तानात. मी खाते, तो तर काहीही खातो, त्याला कळणारही नाही. भांडं मी घरी नेते म्हणून उचलते आणि फेकून देते.

"आणि मी?" डोरीनने विचारलं.

हा विचार रोशेलने केलाच नव्हता. मग ती म्हणाली, पोट बिघडलंय सांग. पण हे म्हणताना तिलाही ते लंगडं वाटलं. ब्लूमाने ताट पुढे केलं आणि डोरीनने खाल्लं नाही असं तेहतीस वर्षांत झालं नव्हतं. पोट बिघडलं म्हटलं तर सासूबाई आधी ताटाकडे बघतील, मग भांड्याकडे.

डोरीन परत येऊन बसली. तिने काटा उचलला. मर्विन असता तर त्याने काय केलं असतं, हे तिने मनात विचारून पाहिलं, पण मर्विन खायच्या बाबतीत कधीच कामाचा नव्हता. मग तिने देवाला मनातल्या मनात सांगितलं की हे मी बघून-समजून करतेय, चूक म्हणून माझ्या नावावर लिहू नकोस, मुद्दाम म्हणून लिही. आणि तिने घास घेतला. टोस्ट अप्रतिम झाला होता. हेच तिला सहन होईना. आत खिरीसारखा मऊ, वर कुरकुरीत, जायफळाचा वास. तिने दोन्ही तुकडे संपवले.

आता सेमूरचं सांगते, कारण रोशेलने त्याच्याबद्दल जे ठरवून टाकलं होतं ते चूक होतं. सेमूरलाही कळलं होतं. कोठीतलं बोलणं ऐकून नव्हे, भांड्यावरूनच. त्याच्या तेराव्या वर्षी, धर्माने जाणता झाल्याच्या सोहळ्याला आईने ह्याच भांड्यात मांस केलं होतं. त्याने गुपचूप झाकण उघडून कडेचा करपलेला तुकडा तोडला होता आणि हाताला चटका बसला होता. ते भांडं तो ओळखणार नाही? त्याने फक्त बोट दाखवायचा अवकाश होता. खटला तिथेच संपला असता. त्याने आईकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, घास कसा लागला ते वाचत. सबंध विमानप्रवासात तो वाक्यं जुळवत आला होता, आणि आता त्यातलं एकही तोंडातून निघेना. त्याने ताट पुढे केलं.

"अजून एक दे," तो म्हणाला.

म्हणजे बघा, तिघं टेबलाशी बसले होते, तिघांना ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण ह्या बाईला वाचवतोय. जेवण साडेअकरापर्यंत चाललं. सास्काटून नावाच्या रानबेरीचा लालसर जॅम फिरला, मासा संपला. सेमूरने स्वतःहून सांगितलं की ठरल्याप्रमाणे आता वर्षभर विषय बंद. रोशेलला आनंदापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं. ब्लूमाने मान हलवली आणि रिकामं भांडं घेऊन ती उठली. मी धुते, म्हणत रोशेल धडपडली, पण ब्लूमाने तिला खाली बसवलं. आज सगळं मी करणार. धुणंसुद्धा.

ब्लूमाच्या स्वयंपाकघरात दोन कुंड्या होत्या, उजवी दुधाची, डावी मांसाची. ती भांडं घेऊन गेली, डावीत ठेवलं, नळ सोडला, लाल घासणी उचलली. हातांनी सगळं आपोआप केलं. भांड्यातून लोण्याचा वास वर आला. तिचा हात थांबला.

डावीत लोणी कसं आलं?

तिने नळ बंद केला. कडी पुसून पाहिली. ठिपका होता. तिने ओट्याची कड धरली. कालची संध्याकाळ आठवून पाहिली. अंडी आठवत होती, जायफळ आठवत होतं, व्हिस्कीचा चमचा आठवत होता. फळीवरून भांडं काढल्याचं आठवत नव्हतं. तिथे काहीच नव्हतं, भिंत असावी तसं. ती भांडं तसंच ओलं घेऊन बाहेर आली आणि पाटावर ठेवलं.

"हे कुठलं भांडं आहे?"

रोशेल एका क्षणात म्हणाली, "दुधाचं."

"कडीवर ठिपका आहे."

"जॅम लागलाय, आई. आत्ता सांडला ना माझ्या हातून. दुधाचंच भांडं आहे ते."

ब्लूमाने नखाने ठिपका खरवडला. तो निघाला नाही. पण तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते तोंड इतकं ठाम होतं की तिला आपल्याच नखाचा भरवसा वाटेना. जॅम असेल. वाळलेला. तिने सेमूरकडे पाहिलं. सेमूर म्हणाला, मला काय कळतंय आई भांड्यांतलं, पण टोस्ट उत्तम होते. त्याचा आवाज नको इतका गोड होता. ब्लूमा उभीच होती. तिच्या डोळ्यांत जे आलं ते त्या तिघांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं, नोव्हेंबरातही नाही. ती घाबरली होती. विसरल्याने नाही. आपल्याला जे दिसतंय ते खरंच तिथे आहे का, हे तिला कळेनासं झालं होतं.

"डोरीन," ती म्हणाली. "तू सांग."

रोशेलने टेबलाखालून डोरीनचा गुडघा दाबला. चांगलाच जोरात.

डोरीन म्हणाली, "मांसाचं आहे, आई."

रोशेलच्या तोंडून हाय असा आवाज निघाला. सेमूरने डोकं हातात धरलं. ब्लूमा मात्र खुर्ची ओढून बसली आणि तिने एक मोठा श्वास सोडला. त्यात सुटका होती, हे डोरीनला नंतर आयुष्यभर आठवत राहिलं.

"म्हणजे मला नीट दिसतंय," ब्लूमा म्हणाली.

"नीट दिसतंय तुम्हाला."

"आणि तू खाल्लंस."

"हो."

"कळून?"

"पहिल्या घासाच्या आधीपासून."

मग ब्लूमा रागावली. खरंच रागावली, जुन्या दिवसांसारखी, आवाज न चढवता. ह्या दोघांचं मला काही नाही, ती म्हणाली, हे माझ्या पोटचे, ह्यांनी काय काय खाल्लंय ते देवाला ठाऊक. पण तू हा धर्म मागून घेतलास. दोन वर्षं अभ्यास करून घेतलास. मी तुला चमच्यापासून शिकवलं, आणि माझ्याच टेबलावर, माझ्याच हातचं खाऊन तू बाटलीस. मला इथे ठेवायला.

डोरीनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

रोशेल मधे पडली. चूक माझी आहे, मीच तिला गप्प बसवलं, मला तू ह्याच घरात हवी आहेस, भांडी काय, उद्या नवीन आणू, मी रोज सकाळ-संध्याकाळ येऊन बघत जाईन. ब्लूमाने तिचा हात हातात घेतला. लेकीवर तिचा राग नव्हता, आणि ते रोशेलला जास्त लागलं.

"तू येशील," ब्लूमा म्हणाली. "आणि रोज मला सांगशील की जॅम आहे. मायेनेच सांगशील. मी आत्ता तुझं ऐकणार होते, रोशेल. आणखी एकदा तू म्हणाली असतीस तर मी मान्य केलं असतं. विसरायला मी तयार आहे. पण जे धड दिसतंय तेही तुम्ही माझ्या डोळ्यांतून काढून घेणार असाल, तर माझ्याकडे राहिलं काय?"

सेमूर म्हणाला, आई, सोमवारचं मी रद्द करतो. राहू दे. तू इथेच राहा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो हे मनापासून म्हणत होता, आणि ब्लूमाला ते कळलं. तिने त्याच्या गालावर थोपटलं. मग विचारलं, तिथे स्वयंपाकघरं दोन आहेत ना, आणि दूध-मांस वेगळं राहतंय का ते बघायला माणूस आहे ना? आहे, सेमूर म्हणाला. कडक आहे? फार कडक आहे, आई. बरं, म्हणून तिने नंबर मागितला.

तो म्हणाला, मी करतो फोन. ती म्हणाली, नंबर सांग नुसता.

भिंतीवरच्या फोनपर्यंत ती स्वतः चालत गेली. सेमूर एकेक आकडा सांगत होता आणि ती फिरवत होती. पलीकडे रविवार असूनही कोणी मुलगी होती. ब्लूमाने आपलं नाव सांगितलं, वय सांगितलं, नदीकडची खोली पाहिजे म्हणून सांगितलं. मग तिने थोडा वेळ ऐकून घेतलं. पलीकडून विचारलं होतं की निरोप कोणाला द्यायचा, पुढेमागे तुमच्या वतीने बोलायचं झालं तर कोणाशी बोलायचं.

ब्लूमा वळली. टेबलाशी तिची दोन मुलं बसली होती, आणि तिसऱ्या खुर्चीवर रडून नाक लाल झालेली डॉफिनची बाई.

"लिहून घ्या," ती फोनमध्ये म्हणाली. "डोरीन कापलुन." तिने नावाचं एकेक अक्षर सांगितलं. पलीकडून नातं विचारलं गेलं.

"मुलगी," ब्लूमा म्हणाली.